गच्चीवरचा टॉवर, कानाजवळचा फोन : रेडिएशनची भीती तोलून कशी पाहायची

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गच्चीवरच्या मोबाइल टॉवरचा विषय निघाला आणि पहिला तास नुसत्या आरडाओरड्यात गेला. एका बाजूला टॉवरचं भाडं, ज्यात रंगकामाचा निम्मा खर्च निघाला असता. दुसऱ्या बाजूला ‘पोराबाळांच्या डोक्यावर मरण टांगताय’. सगळ्यात तावातावानं बोलणाऱ्या काकांना मध्येच फोन आला. ते जिन्यात गेले, वीस मिनिटं फोन कानाला लावून बोलले आणि परत येऊन पुन्हा टॉवरवर तुटून पडले.

मी तेव्हा सेक्रेटरी होतो. त्या सभेनंतरच्या तीन महिन्यांत जे वाचलं, मोजलं आणि मोजून घेतलं, त्यातून ही पद्धत तयार झाली. ‘सगळं सुरक्षित आहे, झोपा’ असं मी सांगणार नाही आणि ‘राउटर खिडकीतून फेका’ असंही नाही. भीती आकड्यात कशी बदलायची, एवढंच सांगायचं आहे.

आधी तक्रार कागदावर लिहा

हे फुकटचं काम वाटतं, पण निम्मं भांडण इथंच मिटतं. ‘रेडिएशन’ या एका शब्दात माणसं चार-पाच वेगळ्या गोष्टी कोंबतात. आम्ही प्रत्येक घरी कोरा कागद दिला आणि त्रास नेमका काय आहे ते लिहायला सांगितलं. कॅन्सरची भीती बऱ्याच जणांनी लिहिली. काहींनी डोकेदुखी आणि झोपमोड लिहिली. पण वरच्या मजल्यावरच्या दोन घरांची खरी तक्रार जनरेटरच्या घरघरीची होती. एकाची स्लॅबमधून झिरपणाऱ्या पाण्याची होती. एका आजोबांनी सरळ लिहिलं, ‘भाड्याचा हिशेब दिसत नाही.’

घरघर, गळती आणि हिशेब यांचा विद्युतचुंबकीय लहरींशी काही संबंध नाही. त्यांची उत्तरं वेगळी आहेत आणि बहुतेक वेळा सोपी आहेत. ती आधी बाजूला काढा. उरेल त्यालाच पुढच्या पायऱ्या लावा.

लहर कोणती, ते ठरवा

एक्स-रे आणि गॅमा किरणांच्या एकेका कणात अणूमधला इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ऊर्जा असते. त्याला साधारण दहा इलेक्ट्रॉन व्होल्ट (एवढ्या बारीक ऊर्जेचं एकक) लागतात. ही ऊर्जा डीएनएचे बंध थेट तोडू शकते. मोबाइलची २ गिगाहर्ट्झची लहर घेतली, तर तिच्या एका कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या एक लाखाव्या भागाहूनही थोडी कमी भरते. म्हणजे दहा लाखांहून जास्त पटींचा फरक. फाइव्ह-जीच्या २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही ही ऊर्जा डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडाच्या हजारो पटींनी खाली राहते. म्हणून ‘अणुभट्टीतलं रेडिएशन आणि टॉवरचं रेडिएशन’ अशी जी फॉरवर्ड फिरतात, ती फक्त शब्द एक आहे म्हणून.

मोबाइल लहरींचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच आहे : ऊती किंचित गरम होणं. सगळ्या मर्यादा त्याच्या हिशेबानं आखल्या आहेत. उष्णतेशिवाय दुसरा काही परिणाम होतो का, हा प्रश्न वाजवी आहे. तो खाली येतोच.

घराजवळून जाणारी उच्चदाबाची तार किंवा भिंतीपलीकडचा ट्रान्सफॉर्मर हे प्रकरण वेगळं. तिथं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतं आणि ते मायक्रोटेस्लामध्ये मोजतात. ते मोजणारं यंत्र टॉवरसमोर धरणं म्हणजे वजनकाट्यावर ताप पाहणं. बाजारातल्या स्वस्त मीटरवर झालेल्या निम्म्या वादांचं मूळ इथं असतं.

अंतर आणि दिशा : एक छोटं गणित

लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गानं घटते. अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाई, दहापट झालं की शंभरावा हिस्सा. हा नियम घरातल्या सगळ्यांना कळला तर अर्धी काळजी आपोआप योग्य ठिकाणी जाऊन बसते.

टॉवरचं उदाहरण घ्या. अँटेनाला एका वाहिनीवर २० वॅट मिळतात असं धरू. ती लहर चहूकडे न पसरवता अँटेना एका दिशेला एकवटते, म्हणून मुख्य झोतात ती साधारण पन्नासपट भरते. म्हणजे हिशेबाला १००० वॅट. झोताच्या थेट रेषेत ५० मीटरवर किती? १००० भागिले ४ गुणिले ३.१४ गुणिले ५० गुणिले ५०. उत्तर येतं दर चौरस मीटरला सुमारे ०.०३२ वॅट. १०० मीटरवर त्याची चौथाई, ०.००८. अशा चार-पाच वाहिन्या एकाच वेळी पूर्ण जोरात चालू धरल्या तरी ५० मीटरवर आकडा ०.१५ च्या आसपास राहतो. भिंती आणि स्लॅब त्यातून आणखी खातात.

हा आकडा कशाशी ताडायचा? भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली गेली. ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ०.४५ वॅट, १८०० मेगाहर्ट्झला ०.९ वॅट. सध्या लागू असलेला आकडा मोजणीच्या अहवालात छापलेला असतो, तो तिथूनच घ्या, माझ्या लेखातून नको. तुलनेसाठी इतकंच सांगतो, भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरला १००० वॅटच्या घरात असतं.

आता तेच गणित १० मीटरवर करा. उत्तर येतं सुमारे ०.८ वॅट. म्हणजे अँटेनाच्या तोंडासमोर, त्याच उंचीवर आणि इतक्या जवळ कुणाची बाल्कनी असेल, तर तक्रार अजिबात हास्यास्पद नाही. तिथं मोजलंच पाहिजे.

यातून एक उलटा निष्कर्ष निघतो आणि तो सभेत कुणाला पटत नाही. अँटेनाचा झोत विजेरीसारखा आडवा, फार तर काही अंश खाली झुकलेला असतो. त्यामुळे टॉवर ज्या इमारतीवर आहे तिच्या रहिवाशांपेक्षा समोरच्या इमारतीच्या त्याच उंचीवरच्या मजल्याला लहरी जास्त मिळतात. भाडं एका सोसायटीला, झोत दुसरीला. गच्चीवर जाऊन अँटेनाचे लांबट पांढरे पट्टे कुठं तोंड करून आहेत ते बघा. बहुतेक टॉवरवर ते तीन दिशांना असतात. त्या दिशांना समान उंचीवर काय आहे, याचा साधा नकाशा काढा. आमच्या सोसायटीत हे काम दहावीतल्या दोन मुलींनी केलं आणि मोठ्यांपेक्षा नीट केलं.

खरा जवळचा स्रोत खिशात आहे

थ्री-जी आणि फोर-जीचा फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास लहरी सोडतो. राउटर ०.१ वॅटच्या घरात असतो, कानातले ब्लूटूथ हेडफोन काही मिलिवॅट. आकडे टॉवरपुढं किरकोळ आहेत, पण फोन कानाला चिकटलेला असतो. अंतराचा वर्ग इथं आपल्या विरुद्ध काम करतो. आयुष्यभरात डोक्याला मिळणाऱ्या मोबाइल लहरींपैकी मोठा वाटा आपल्याच फोनचा असतो.

शिवाय फोन आवाज चढवतो. टॉवर जवळ असेल तर तो हळू बोलतो, रेंज कमी असेल तर ओरडतो. लिफ्ट, तळघरातलं पार्किंग, घाटातली एसटी, भिंतीआडची मधली खोली, अशा ठिकाणी फोन आपली ताकद पणाला लावतो. म्हणजे आंदोलन करून टॉवर दोन किलोमीटर लांब घालवला, तर कानाजवळच्या फोनचं प्रमाण वाढण्याचीच शक्यता जास्त. जिन्यात बोलणाऱ्या काकांना मी हे सांगितलं. ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

फोनवर *#०७# दाबलं की त्याचा एसएआर आकडा दिसतो, म्हणजे शरीरातली ऊती त्याच्या लहरींची किती ऊर्जा शोषते ते. भारतातली मर्यादा दर किलोला १.६ वॅट, एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर. पण ०.६ चा फोन १.२ च्या फोनपेक्षा दुप्पट सुरक्षित, असं वाचू नका. हा आकडा फोन पूर्ण ताकदीनं चालवून प्रयोगशाळेत काढलेला असतो. रोजच्या वापरात फरक पडतो तो रेंजमुळं आणि अंतरामुळं.

मोजून घ्या, पण योग्य माणसाकडून

दूरसंचार खात्याचं ‘तरंग संचार’ हे पोर्टल मे २०१७ मध्ये सुरू झालं. आपल्या परिसरातले टॉवर, त्यांवर कोणत्या कंपन्यांची सेवा आहे आणि ते नियमांत बसतात का, हे त्यावर बघता येतं. शुल्क भरून एखाद्या जागेची प्रत्यक्ष मोजणी मागवता येते. सुरुवातीला ते शुल्क ४००० रुपये होतं, अर्ज करताना सध्याचा आकडा पाहून घ्या. सोसायटीनं मिळून भरलं तर दर घराला वडापावच्या दोन प्लेटइतका खर्च येतो.

मोजणीच्या वेळी तीन गोष्टी सांभाळा. नकाशावर जी बाल्कनी सर्वांत वाईट जागी दिसते, तिथंच मोजायला लावा, इमारतीच्या गेटपाशी नव्हे. वर्दळीच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी, मोजणी झाली तर उत्तम. आणि अहवालात एकक बघा. दर चौरस मीटरला १ वॅट म्हणजे १००० मिलिवॅट, आणि तेच दर चौरस सेंटीमीटरला १०० मायक्रोवॅट. एकाच मोजणीचा आकडा एकक बदलून भयंकर दाखवता येतो किंवा क्षुल्लकही.

ऑनलाइन मिळणाऱ्या दोन-तीन हजारांच्या मीटरवर मी स्वतः पैसे घालवले आहेत. मिक्सरजवळ नेलं की तो किंचाळायचा, टॉवरसमोर कधी शून्य तर कधी लाल दिवा. अशा मीटरचा एक उपयोग मात्र आहे : राउटरपासून एक पाऊल, दोन पावलं, चार पावलं मागं जात मुलांना दाखवा, आकडा कसा धडाधड खाली येतो ते. ‘सुरक्षित की धोकादायक’ या निवाड्यासाठी तो वापरू नका.

बातमी आणि संशोधन कसं वाचायचं

ही पायरी सगळ्यात लांबते, कारण ‘डब्ल्यूएचओनंच सांगितलंय की मोबाइलनं कॅन्सर होतो’ हे वाक्य प्रत्येक सभेत येतं.

ते आलं कुठून? मे २०११ मध्ये फ्रान्समधल्या लिऑन इथं, जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत, १४ देशांतले ३१ शास्त्रज्ञ जमले. त्यांनी रेडिओ लहरींना ‘२ब’ गटात टाकलं. अर्थ असा : कर्करोगकारक असण्याची शक्यता नाकारता येत नाही, पुरावा मर्यादित आहे. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे, आशियातल्या पारंपरिक पद्धतीच्या आंबवलेल्या भाज्या आहेत आणि २०२३ पासून अ‍ॅस्पार्टेम हे गोडीचं रसायनही आहे. त्याच्या दोन पायऱ्या वर, म्हणजे सिद्ध कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, तंबाखू, दारू, ऊन आणि सुपारी आहेत. गट पुराव्याचा भक्कमपणा सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. तरीही तोंडात सुपारीचं खांड घोळवत टॉवरविरुद्ध सह्या गोळा करणारे गृहस्थ मी पाहिलेत.

‘२ब’ला आधार होता तो बऱ्याच अंशी १३ देशांतल्या ‘इंटरफोन’ अभ्यासाचा, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण वापरणाऱ्यांत मेंदूच्या गाठींचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पण सर्वाधिक बोलणाऱ्या दहा टक्क्यांत, म्हणजे एकूण १६४० तासांहून जास्त वापर असलेल्यांत, ग्लायोमा या गाठीची शक्यता ४० टक्क्यांनी जास्त दिसली. अडचण अशी की हा वापर रुग्णांच्या आठवणीवरून काढला होता. गाठ झालेला माणूस कारण शोधत असतो, आणि काहींनी तर दिवसाला बारा-बारा तास बोलल्याचं सांगितलं होतं. त्यामुळे या ४० टक्क्यांवरून फोन हेच कारण असं ठरवता येत नाही, असं संशोधकांनीच बजावलं.

त्यावर उपाय म्हणजे आधी निरोगी माणसं नोंदवायची आणि मग वर्षानुवर्षं पाहत राहायचं. ‘कॉसमॉस’ या युरोपीय अभ्यासानं तेच केलं. त्याचे २०२४ चे निष्कर्ष अडीच लाखांहून जास्त लोकांवर आधारलेले आहेत आणि जास्त बोलणाऱ्यांत मेंदूच्या गाठी वाढल्याचं त्यात दिसत नाही. ब्रिटनमधल्या पावणेआठ लाख बायकांच्या पाहणीतही, जी २०२२ मध्ये आली, तसं दिसलं नाही. २०२४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं करवून घेतलेला ६३ अभ्यासांचा आढावा आला. त्याचंही म्हणणं तेच.

दुसऱ्या पारड्यातलंही सांगायला हवं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमानं २०१८ मध्ये उंदरांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. रोज नऊ तास, दोन वर्षं, पूर्ण शरीरावर लहरी. नरांमध्ये हृदयाच्या एका दुर्मीळ गाठीचं प्रमाण वाढलं. माद्यांत तसं ठळक दिसलं नाही, आणि गंमत म्हणजे लहरी दिलेले नर न दिलेल्यांपेक्षा जास्त जगले. हा प्रयोग झटकून टाकण्यासारखा नाही आणि त्यावरून माणसाचा निकाल लावण्यासारखाही नाही. आपल्याकडे आयआयटी मुंबईतले प्रा. गिरीश कुमार यांनी २०१० मध्ये दूरसंचार खात्याला अहवाल देऊन टॉवरच्या मर्यादा फार सैल असल्याचं मांडलं होतं. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी मी सहमत नाही, पण मोजणी आणि मर्यादा हा विषय सार्वजनिक चर्चेत आला त्यात त्यांचा वाटा आहे.

नवी बातमी आली की मी चार प्रश्न विचारतो. माणसांवर की पेशींवर? लहरींचं प्रमाण रोजच्या वापराच्या किती पट? वापर मोजला की आठवणीवरून लिहिला? आणि हाच निष्कर्ष दुसऱ्या कुणाला मिळाला का? चौथ्या प्रश्नावर बहुतेक बातम्या गळतात.

‘मला त्रास होतो’ असं कुणी म्हणालं तर

त्या माणसाला हसू नका. डोकं खरंच दुखत असतं, झोप खरंच लागत नसते. प्रश्न फक्त कारणाचा आहे. अशा लोकांवर कितीतरी आंधळे प्रयोग झाले, ज्यात लहरी चालू आहेत की बंद हे त्यांना आणि प्रयोग करणाऱ्यालाही माहीत नव्हतं. सगळ्यांचा एकत्र विचार केला तर त्यांना चालू-बंद ओळखता आलं नाही. पण ‘आता चालू केलं’ असं खोटंच सांगितलं तेव्हा त्रास झाला. काळजीनं शरीर दुखतं, हे आपल्या आज्यांना प्रयोगाविना माहीत होतं.

घरी हे करून बघता येतं. राउटरचे दिवे काळ्या टेपनं झाका. वीस रात्री घरातल्या दुसऱ्या कुणीतरी नाणं उडवून तो चालू ठेवायचा की बंद ते ठरवावं आणि गुपचूप वहीत लिहावं. त्रास होणाऱ्यानं आपला फोन विमान मोडमध्ये टाकून दुसऱ्या खोलीत ठेवावा, नाहीतर वायफायचं चिन्ह चुगली करतं. सकाळी त्यानं फक्त लिहायचं : झोप कशी होती आणि राउटर चालू होता की बंद. वीस रात्रींनंतर दोन्ही वह्या जुळवा. दहाच्या आसपास उत्तरं बरोबर आली तर तो नाण्याचाच खेळ. पंधरा किंवा जास्त बरोबर आली तर गंभीरपणे बघा, कारण निव्वळ नशिबानं तसं पन्नासात एकदा होतं. आमच्या शेजारच्या काकूंचे अकरा आले. मग त्यांनी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब तपासला. तो वाढलेला निघाला.

लक्षणं रेटत राहिली तर वाट बघू नका. टॉवरला दोष देत थायरॉइड, रक्तदाब किंवा नैराश्य अंगावर काढणं हा या सगळ्या प्रकारातला मला दिसलेला खरा धोका आहे.

काय करायचं, काय विकत घ्यायचं नाही

पुरावा कमकुवत असला तरी फुकट होणारी खबरदारी घ्यायला हरकत नाही. लांब बोलायचं असेल तर स्पीकर किंवा वायरचा हेडफोन. रेंजची एकच काडी असेल तर बोलणं पुढं ढकला. फोन उशाखाली नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. लहरींपेक्षा झोपेसाठी हे जास्त कामाचं आहे. लहान मुलांच्या बाबतीत मी थोडा जास्त कडक आहे, पण कारण सरळ सांगतो, मला त्यांच्या डोळ्यांची आणि खेळाची काळजी जास्त वाटते. पेसमेकर असलेल्यांनी फोन छातीच्या खिशात ठेवू नये, किमान १५ सेंटीमीटर लांब ठेवावा. काही नव्या फोनमध्ये लोहचुंबक असतात, त्यांचा पेसमेकरवर परिणाम होऊ शकतो. हा धोका कल्पनेतला नाही. तसाच गाडी चालवताना फोनवर बोलण्याचाही नाही.

फोनच्या पाठीला चिकटवायच्या ‘अँटी-रेडिएशन’ चिप्स मात्र घेऊ नका. त्यांनी खरंच लहरी अडवल्या तर फोनला टॉवर सापडणार नाही आणि तो आणखी जोरात ओरडेल. काहीच अडवल्या नाहीत तर तुम्ही स्टिकर विकत घेतला. २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगानं शेणापासून केलेली चिप रेडिएशन कमी करते असं जाहीर केलं, तेव्हा शेकडो शास्त्रज्ञांनी पत्र लिहून पुरावा मागितला होता. नेदरलँड्समधला किस्सा याहून भारी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या अणुसुरक्षा यंत्रणेनं फाइव्ह-जीपासून संरक्षण देणारे हार आणि झोपेचे मास्क तपासले, तर ते स्वतःच किरणोत्सारी निघाले. खरोखरचे, डीएनए तोडू शकणारे किरण. लोकांना सूचना द्यावी लागली की घालू नका आणि डब्यात बंद करून ठेवा.

सभेत ठराव मांडताना

टॉवर हवा की नको, हा सोसायटीचा हक्काचा निर्णय आहे. गच्ची सामाईक आहे, टॉवर नको म्हणायला कॅन्सरचं कारण लागत नाही. पण कॅन्सरच्या नावाखाली कोर्टात गेलात तर मोजणीचा अहवाल हातात हवा. फाइव्ह-जीविरुद्ध जुही चावला यांनी केलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयानं जून २०२१ मध्ये फेटाळला आणि २० लाखांचा दंड ठोठावला, जो नंतर २ लाखांवर आला.

करारात या अटी घालून घ्या. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल ऑडिट. आदर्श उपविधीप्रमाणे तीस वर्षांपुढच्या इमारतीचं ते तसंही दर तीन वर्षांनी करायचं असतं. जनरेटरखाली रबरी पाया आणि रात्रीच्या आवाजाची मर्यादा. वॉटरप्रूफिंगला धक्का लागला तर दुरुस्ती कंपनीच्या खर्चानं. नवा अँटेना चढवला की नवी मोजणी आणि तिचा अहवाल सूचना फलकावर. अँटेनाच्या समोर माणसानं जायचं नाही, म्हणून तेवढा भाग जाळीनं बंद. वाळवणं घालायला गच्चीवर जाणाऱ्यांना हे ठळक सांगा. आणि ‘तुमच्या गच्चीवर टॉवर लावतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या, ती ठरलेली फसवणूक आहे.

आमच्याकडे मोजणीत आमच्या इमारतीचे सगळे आकडे मर्यादेच्या बरेच खाली आले. एकच जागा इतरांपेक्षा वर होती, समोरच्या सोसायटीतली सातव्या मजल्यावरची बाल्कनी. ती मर्यादेतच होती, तरी आम्ही कंपनीला खांब दोन मीटर वर घ्यायला लावलं आणि अहवालाची प्रत त्या सोसायटीला नेऊन दिली. जनरेटर गच्चीवरून खाली आवारात आणायला आणखी पाच महिने लागले.